खंडेनवमीला बंद केलेली यंत्रं

खंडेनवमीचा दिवस. सकाळचे साडेदहा. जागा शेंद्र्याच्या एमआयडीसीतली आमची कंपनी, पहिला मजला, सर्व्हरची खोली. आतल्या यंत्रांची किंमत बिलांप्रमाणे एक कोटी बारा लाख. आत हजर: कंपनीचे मालक रावसाहेब, त्यांच्या आई, त्यांची बायको, दोन भाऊ, दोन भावजया, पुतण्या ऋतुराज, ऋतुराजची बायको, रावसाहेबांची लेक आणि गुरुजी. दाराबाहेर, काचेच्या अलीकडं: मी आणि माझ्या हाताखाली काम करणारी शबाना.

माझ्या हातात नारळ होता आणि झेंडूचा हार. सकाळी औरंगपुऱ्यात थांबून घेतला होता. खंडेनवमीला ज्याचं हत्यार त्यानं पुजायचं, हे मी लहानपणापासून बघत आलो. आई विळा पुजायची. आबा मेंढ्या कातरायची कात्री पुजायचे. मी ही यंत्रं पुजायला आलो होतो, कारण त्यांच्यातलं सगळं जाळं मी आणि शबानानं उभं केलं होतं.

ऋतुराजनं दार हातभर उघडलं.

"काका, आत गर्दी नको. टेंपरेचर वाढतं. द्या ते इकडं."

नारळ घेतला. हार घेतला. दार ओढलं. धुराची घंटा वाजू नये म्हणून बोटभर फट ठेवली. त्या फटीतून आतलं सगळं ऐकू येत होतं.

आत अकरा माणसं होती. मी मोजली.

"कोण रे तो?" रावसाहेबांच्या आईनं विचारलं. त्यांना सगळे आईसाहेब म्हणतात.

"आपला नेटवर्कवाला, आजी."

"भिवाचा पोरगा ना ह्यो? आपल्या वावरात मेंढ्या बसवायचा त्यो भिवा?"

"व्हय," रावसाहेब म्हणाले.

"ऱ्हाऊ दे मग भायेरच. पूजेला घरचीच माणसं बरी."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलंच नाही.

मी धनगराचा. करमाडच्या पलीकडं आमची वस्ती. पिकं निघाली की आबा कळप घेऊन शिवारात फिरायचे आणि रात्री शेतकऱ्याच्या वावरात मेंढ्या बसवायचे. लेंड्यांचं खत वावराला, ज्वारी आम्हाला. रावसाहेबांचं वावर त्यातलंच एक. पुढं त्यांची जमीन एमआयडीसीत गेली, मोबदला आला, त्यांनी कारखाना टाकला, मग ही कंपनी. मी शहरात डिप्लोमा केला. औरंगपुऱ्याच्या दुकानांतून नेटवर्कच्या तारा ओढण्यापासून सुरुवात केली. आज वय अठ्ठेचाळीस. सहा वर्षांपूर्वी रावसाहेबांकडं अर्ज केला तेव्हा त्यांनी मला ओळखलं होतं. "भिवाचा का तू? बरं झालं, आपलाच माणूस आहे," असं म्हणाले होते. ते ऐकून मला तेव्हा आनंद झाला होता.

आता काम काय होतं ते सांगतो. पतसंस्था, दवाखाने यांना आपला हिशोब, आपली कागदपत्रं परक्या शहरातल्या यंत्रावर ठेवायला नको वाटतात. रावसाहेबांनी ठरवलं, आपणच इथं यंत्रं घेऊ आणि त्यांना भाड्यानं देऊ. खासगी क्लाऊड. सहा सर्व्हर आणि त्यांना एकमेकांशी जोडणारे दोन स्विच. एकाच यंत्रात चार गिऱ्हाइकं राहणार, पण एकाला दुसऱ्याचा वाराही लागता कामा नये. पूर्वी हे काम तारांनी व्हायचं. गिऱ्हाईक वाढलं की स्विचपाशी जा, तारा बदला. आता जाळं तारांत नसतं, सॉफ्टवेअरमध्ये असतं. कोणाचं यंत्र कोणाशी बोलेल हे कंट्रोलर नावाचा प्रोग्राम ठरवतो. सुरुवातीला सगळ्यांना सगळे रस्ते बंद. जेवढं लेखी सांगाल तेवढंच उघडायचं.

कंट्रोलर एक ठेवला आणि तो पडला तर सगळं पडेल. म्हणून तीन ठेवतात. तिघं एकमेकांना विचारून चालतात. कमीत कमी दोघांचं एकमत झालं तरच नियम लागू होतो. त्यामुळं एक बंद पडला तरी काम चालतं. तिघं एकदम, न सांगता गेले, तर शेवटची खरी गोष्ट कोणती हे त्यांनाच नक्की सांगता येईल याची खात्री नसते.

आठ महिने लागले. मधे एकदा पंधरवडा असा गेला की छोटा निरोप पोचायचा, मोठा अडकायचा. पतसंस्थेचं लॉगिन व्हायचं, पण खातेउतारा उघडायचा नाही. मी नियम तपासत बसलो. शबानानं कारण शोधलं. निरोप ज्या पाकिटांतून जातो, त्या प्रत्येक पाकिटावर आमचं सॉफ्टवेअर स्वतःचं आणखी एक वेष्टण चढवत होतं, पन्नास बाइटचं, आणि वाटेतला स्विच तेवढं मोठं पाकीट पुढं सोडत नव्हता. स्विचवरची मर्यादा वाढवली आणि खातेउतारा उघडला. त्या दिवशी आम्ही दोघांनी कँटीनमध्ये भजी खाल्ली. शबाना सिल्लोडची. तिच्या घरात पहिली इंजिनिअर.

हे सगळं त्या काचेच्या आत होतं.

आईसाहेबांनी हळदीचं बोट स्विचपाशी नेलं आणि थांबल्या.

"दिवे लुकलुकत्यात की ह्याचे."

"चालू आहे ते, आजी."

"चालत्या हत्याराला हळद लावतेत व्हय रे? नांगर चालता ठेवून पुजतो का आपण? झोपवा त्याला."

मी काच वाजवली. फटीतून म्हणालो, "साहेब, बंद करू नका. दोन पतसंस्था आणि एक दवाखाना आहे त्याच्यावर. बंदच करायचं असेल तर क्रमानं करावं लागतं. मला पाऊण तास द्या."

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. रावसाहेबांनी मान अर्धीच वळवली.

"तुला इथं कुणी इचारलं का?"

मग पुतण्याला म्हणाले, "पाच मिनिटानं काय होतंय? कर बंद."

ऋतुराज यंत्रांपुढं वाकला. बटणं त्याला सापडेनात. माझ्याकडं बघितलं, मी मान हलवून नको म्हणालो. त्यानं भिंतीवरचा यूपीएसचा खटका खाली केला.

खोलीतला आवाज गेला. पंख्यांची ती घरघर आठ महिन्यांत कधी थांबलेली मी ऐकली नव्हती.

"आता कसं," आईसाहेब म्हणाल्या.

शबाना हळूच म्हणाली, "सर, तीनों एकदम गए."

"हो."

"अब क्या करना?"

"आरती संपू दे."

आरती संपली. माझा हार सर्व्हरच्या जाळीवर लावला, माझा नारळ फरशीवर फोडला. खटका वर केला. यंत्रं सुरू झाली, दिवे लागले, सगळ्यांनी हात जोडले आणि पेढे वाटले. मला पेढा दारातून मिळाला.

दहा मिनिटांत पहिला फोन आला. पतसंस्थेचे व्यवस्थापक. "अहो, काउंटरला रांग आहे. उद्या दसरा, लोक सोन्याला पैसे काढायला आलेत. स्क्रीन फिरतोय नुसता." मग दवाखाना. मग दुसरी पतसंस्था. यंत्रं जिवंत होती, पण कुणी कुणाशी बोलेना. एका कंट्रोलरची डिस्क उठलीच नाही. उरलेल्या दोघांच्या नोंदी जुळत नव्हत्या.

तेव्हा दार सताड उघडलं.

"काका, या ना. बघा ना जरा."

मी आत गेलो. फरशीवर नारळाचं पाणी होतं, त्यात कुंकू कालवलेलं. स्विचवर अक्षता. मी आणि शबाना खाली बसलो. आदल्या दिवशीची नोंद शाबूत होती, तिच्यावरून एकेक गिऱ्हाइकाचं जाळं पुन्हा उभं करायला घेतलं. रावसाहेबांचे धाकटे भाऊ दारात पेढा खात उभे होते.

"काय रं, पांगली का मेंढरं? कर गोळा."

या वेळी हसले सगळे. ऋतुराजही हसला.

मी मान वर केली नाही. पतसंस्थेत रांग उभी होती. संध्याकाळी पाचला शेवटचं गिऱ्हाईक सुरू झालं. तोवर काउंटर बंद झाले होते. लोक घरी गेले होते.

दसऱ्यानंतर रावसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "बस," म्हणाले. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला बसायला सांगितलं. चहा आला. ऋतुराजनं एक कागद पुढं सरकवला. पतसंस्थांना द्यायचा खुलासा. करारात एक कलम होतं: कंपनीनं जाणूनबुजून सेवा बंद केली तर करार रद्द. एखाद्या कर्मचाऱ्याची चूक असेल तर समज देऊन करार पुढं चालू. त्यांना कर्मचारी पाहिजे होता.

कागदावर लिहिलं होतं की नेटवर्क अभियंत्यानं वरिष्ठांची परवानगी न घेता सर्व्हरच्या खोलीत जाऊन वीजपुरवठा बंद केला. खाली माझं नाव. सहीला जागा.

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. 'सर्व्हरच्या खोलीत जाऊन'. पूजेला मला बाहेर ठेवलं. कागदावर आत घेतलं.

"नोकरीला धक्का नाय," रावसाहेब म्हणाले. "पगारातून एक रुपया कापणार नाय. दिवाळीला दीड पगार देतो. ही फक्त कागदाची गोष्ट आहे."

"आणि सही नाही केली तर?"

"तर राजीनामा द्यायचा, आणि तीन महिन्यांच्या नोटिशीचा पगार तू कंपनीला भरायचा. अनुभवाचा दाखला विसर. वाळूजपासून चिकलठाण्यापर्यंत मला ओळखत नाय असा मालक दाखव मला." मग आवाज खाली आणला. "दोन दिवस घे. घरी इचार."

घरी विचारलं. घराचा हप्ता तेवीस हजार चारशे, अजून नऊ वर्षं. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हे काम करणाऱ्या कंपन्या या शहरात हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या, आणि अठ्ठेचाळीसाव्या वर्षी पुण्याला कोण बोलावतंय. मी बायकोपुढं सगळं मांडलं. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"करून टाका सही," ती म्हणाली.

"मी बंद केलं नव्हतं."

"मला माहिती आहे. तुम्हाला माहिती आहे. पुरे की."

"हा कागद प्रत्येक गिऱ्हाइकाकडं जाईल. पुन्हा कुणी मला यंत्राला हात लावू देणार नाही."

"आणि हप्ता कोण भरणार? कागद भरणार का?"

त्या दोन दिवसांत मी बराच हिशोब मांडला. सही केली तर किती दिवस, नाही केली तर किती दिवस. प्रत्येक वेळी आकडे सही कर म्हणत होते. भिंतीशी बोलावं तसं झालं होतं. जिकडं वळावं तिकडं भिंत.

दुसऱ्या दिवशी दुपारी शबाना माझ्या टेबलाशी आली.

"सर, मेरेसे भी लिखवा रहें. गवाह करके. मैं क्या बोलूँ?"

"जे पाहिलंस ते."

मग म्हणाली, "अब्बा का ऑपरेशन है सर, अगले महीने."

तिनं सही केली. आधी मला सांगून केली. मी तिला दोष देत नाही. तिच्याही चारी बाजूंनी भिंतीच होत्या.

रावसाहेबांकडं गेलो तेव्हा माझं ठरलेलं नव्हतं. हे मी इथं खरं लिहितो. खिशात पेन होतं. कागद पुढं आला. मी पेनाचं टोपण काढलंसुद्धा.

रावसाहेबांना वाटलं, झालं. ते खुर्चीत मागं रेलले आणि प्रेमानं म्हणाले, "शहाणा आहेस. बापावर गेलास. अण्णांनी भिवाला एकदा सांगितलं की भिवा व्हय म्हणायचा. कधी उलटं बोलला नाय."

अण्णा म्हणजे रावसाहेबांचे वडील.

मी दहा वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. अण्णांचे बैल सुटले आणि शेजारच्या मोठ्या बागायतदाराच्या हरभऱ्यात शिरले. निम्मा पट्टा खाल्ला. सकाळी त्या माणसानं अण्णांच्या दारात आरडाओरडा केला. अण्णा आमच्या वाघरीपाशी आले, मेंढ्यांभोवती जाळी लावलेली असते तिथं. म्हणाले, "भिवा, म्हण तुझ्या मेंढरांनी खाल्लं. भावकीतला माणूस आहे, मला वाईटपणा नको. तुझं कमी-जास्त मी बघतो." आमची मेंढरं रात्रभर वाघरीत होती. मी त्यांच्यातच झोपलो होतो. आबा 'व्हय' म्हणाले. त्या बागायतदाराच्या पायापाशी पटका काढून ठेवला. त्यांचं उघडं डोकं मी पहिल्यांदा उन्हात बघितलं. मध्यभागी टक्कल होतं, पांढरं, लेकराच्या डोक्यासारखं. दंड म्हणून कळपातला सगळ्यात चांगला मेंढा गेला.

अण्णांनी कमी-जास्त काहीही बघितलं नाही. पण मेंढा गेल्याचं दुःख नव्हतं. त्या वर्षापासून त्या शिवारात आबांना कुणी मेंढ्या बसवू देईना. "भिवाची मेंढरं उभं पीक खातेत," असं सगळीकडं झालं. का नाही होणार? त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. हंगाम आला की आम्ही लांब जालन्याच्या पलीकडं जायचो. माझी शाळा त्यातच दोनदा सुटली. आबा शेवटच्या आजारपणात एकदा म्हणाले होते, "त्या दिशी गप बसलो असतो तरी चाललं असतं. व्हय कशाला म्हनलो."

मी टोपण पेनाला लावलं.

"सही करणार नाही."

"काय झालं आता?"

"मी आत नव्हतो."

"अरे, ते कोण बघायला आलं होतं?"

"मीच बघत होतो. काचेतून. तुम्ही मला बाहेर ठेवलं होतं, साहेब. आईसाहेब म्हणाल्या, घरचीच माणसं बरी. घरच्याच माणसांनी बंद केलं. घरच्याच माणसानं सही करावी."

ऋतुराज म्हणाला, "काका, तुम्ही इमोशनल होताय."

रावसाहेबांचा चेहरा बदलला. "मेंढक्याचं पोर. खुर्ची दिली त माजला. तुझा बाप आसता त त्यानं आत्ता पटका काढून ठिवला आसता हितं."

मी उभा राहिलो.

"तो हरभरा अण्णांच्या बैलांनी खाल्ला होता," मी म्हणालो. "मी मेंढरांत झोपलो होतो. मला माहिती आहे. आणि तुम्हालाही माहिती आहे."

ऋतुराज रावसाहेबांकडं बघत होता. त्याला कळलं नव्हतं कसला हरभरा. रावसाहेबांना कळलं होतं. त्यांनी नजर खाली नेली, टेबलावरच्या चहाच्या कपाकडं. अडतीस वर्षांत हे वाक्य आमच्या घरातल्या कुणी त्यांच्या घरातल्या कुणापुढं उच्चारलं नव्हतं.

"निघ," ते म्हणाले.

मी निघालो.

पुढं काय झालं तेही सांगतो, कारण लोकांना वाटतं खरं बोललं की काहीतरी चांगलं होतं. खुलासा माझ्या सहीशिवाय गेला. माझं नाव होतं, साक्षीदाराची सही होती, पतसंस्थांनी तो मान्य केला. मी माझ्या हातानं एका पानाचं निवेदन लिहिलं, काय पाहिलं तेवढंच, आणि व्यवस्थापकांना नेऊन दिलं. त्यांनी वाचलं. म्हणाले, "तुमचं खरं असेल हो. पण आम्हाला उद्या काउंटर उघडायचाय." कागद ड्रॉवरमध्ये टाकला. त्यानंतर चार ठिकाणी मुलाखती दिल्या. दोन ठिकाणी त्यांना माझं नाव आधीच माहीत होतं.

आता मी एकटा काम करतो. छोटे दवाखाने, एक शाळा, औरंगपुऱ्यातली जुनी दुकानं. महिन्याला पूर्वीच्या निम्म्याहून थोडं कमी. सर्व्हर असेल तिथं काम घेण्याआधी एक अट मांडतो: जाळं मी उभारलं तर ते बंद करताना मी खोलीत असेन, बाहेर नाही. या अटीवर तीन कामं गेली. जाऊ देत. आणि दुसरी अट माझी स्वतःशी आहे. दुसऱ्याच्या हातून झालेल्या गोष्टीला यापुढं आमच्या घरातलं कुणी 'व्हय' म्हणणार नाही. मी म्हणणार नाही, आणि माझ्या मुलीला मी समोर बसवून सगळं सांगितलं आहे, आबांच्या पटक्यासकट. तिनं फी कशी भरायची ते विचारलं. मी म्हणालो, ते अजून माहीत नाही.

नोटिशीची रक्कम भरायला मुदत ठेव मोडावी लागली. ती दोघांच्या नावावर होती. बायको बँकेत आली, माझ्या शेजारी बसली, दाखवलं तिथं सही केली. अजूनही त्या विषयावर बोलत नाही.

तीन महिन्यांचा पगार, दर महिना अडुसष्ट हजार. एकूण दोन लाख चार हजार रुपये, चेकनं, रावसाहेबांच्या कंपनीला. पावती घेतली. कबुली दिली नाही.